ग्लास फुल, चोथा गुल!

सकाळचे साडेसहा. भंडाऱ्यात खांब तलावाच्या बाजूने फेरफटका मारून आलेली मंडळी ज्यूसच्या गाडीपाशी थांबलीत. गाजर, बीट, आवळा, आल्याचा तुकडा आणि गोडीसाठी दोन संत्री. मशीन घुर्रर्र करतं. पुढून लालचुटुक धार भांड्यात, मागून ओला चोथा बादलीत. गाडीवाले भाऊ गाळणी उचलतात. “गाळून देऊ?” ट्रॅकसूटमधले सगळे एका सुरात, “हो भाऊ, एकदम क्लीअर!”

बस्स, खरी गंमत इथेच आहे! वजन उतरवायला आलेल्या माणसाच्या कामाचा माल त्या बादलीत गेला. कसा? चला, एकेक घोट घेऊ.

रेस: दात विरुद्ध स्ट्रॉ

माहीत आहे का, सफरचंद खायला किती वेळ लागतो? इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या संशोधकांनी १९७७ मध्ये चक्क घड्याळ लावून मोजलं. दहा माणसं, सफरचंदं तेवढीच, अवतार तीन. अख्खी फळं चावून खायला सरासरी १७ मिनिटं. गर करून दिला तर ६ मिनिटं. आणि रस? दीड मिनिट!

पुढचं तर आणखी भारी. साखर तिन्ही प्रकारांत सारखीच चढली, पण रसानंतर शरीराने इन्सुलिन जास्त सोडलं आणि मग साखर धाडकन खाली घसरली. अख्खं फळ खाणाऱ्यांची अशी घसरगुंडी झालीच नाही. पोटही त्यांचंच जास्त भरलं. ज्यूस पिऊन अकरा वाजता समोशाची आठवण का येते, ते आता कळलं ना?

अमेरिकेत २००९ मध्ये याचाच दुसरा एपिसोड झाला. जेवणाआधी सफरचंदाच्या फोडी खाल्लेल्या लोकांच्या पोटात, फोडी धरूनसुद्धा, एकूण कॅलरी १५ टक्के कमी गेल्या. रसाला तो स्कोअर काही करता आला नाही.

चार संत्री, एक ग्लास

आता आपल्या घरचं गणित. नागपूर इथून साठेक किलोमीटर, त्यामुळे संत्र्याला भंडाऱ्यात तोटा नाही. २०० मिलीचा ग्लास भरायला मध्यम आकाराची चार संत्री सहज लागतात. ग्लासात उतरते साधारण १७ ग्रॅम साखर, म्हणजे चार चमचे. तेवढ्याच कोल्यात असते २१ ग्रॅम. फरक आहे, पण आपण समजतो तेवढा नाही!

आणि तंतू, म्हणजे फायबर? तीच चार संत्री सोलून खाल्ली तर सहा ग्रॅमच्या आसपास. गाळलेल्या ग्लासात अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. फोडीवरच्या ज्या पांढऱ्या शिरा आपण नखाने ओढून टाकतो ना, तंतूंचा खजिना तिथेच असतो. पुढच्या वेळी टाकू नका. सोलण्याचा वेळही वाचेल!

माहीत आहे का, जागतिक आरोग्य संघटना साखरेच्या दोन जाती मानते? फळाच्या पेशीत बंद असते ती वेगळी. फळ पिळलं की तीच साखर ‘मोकळी’ सुटते आणि संघटनेच्या २०१५ च्या नियमावलीत थेट चहातल्या साखरेच्या रांगेत जाऊन बसते. साखर तीच, पण बाहेर पडली की हिशेब बदलला. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याने ही मोकळी साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर फारच उत्तम, असं संघटना सांगते.

छुम छुम रसवंती

घुंगरांचा आवाज आला की पाय आपोआप वळतात. वळणारच! पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात उसाच्या रसाला खास जागा दिली आहे. १०० मिली रसात १३ ते १५ ग्रॅम साखर. मोठ्यांसाठी दिवसाची मर्यादा ३० ग्रॅम. पाव लिटरचा एक ग्लास रिचवला की दिवसाचा कोटा संपून वर उधारी! कडक उन्हात हाफ ग्लास जरूर घ्या, मजेसाठी घ्या. वजन उतरवण्याच्या खात्यात मात्र तो लिहू नका.

बरं, माहीत आहे का, महाराष्ट्रात इतक्या रसवंत्यांची नावं कानिफनाथ किंवा नवनाथ का असतात? या धंद्यात पुरंदर तालुक्यातल्या बोपगाव परिसरातली मंडळी मोठ्या संख्येने उतरली आणि त्यांचं दैवत म्हणजे बोपगावच्या गडावरचे कानिफनाथ. आता ऐका धमाल. त्या मंदिराचा गाभाऱ्यात जाणारा दरवाजा खिडकीएवढा लहान आहे. भाविक अंग चोरून, सरपटत आत शिरतात. रसवंतीच्या देवाकडे जायची वाट इतकी चिंचोळी!

लवकी म्हणजे दुधी, जाम म्हणजे पेरू

मोबाइलवर रेसिपी येते ‘दुधी-टोमॅटो-पेरू डिटॉक्स’. भंडाऱ्याच्या बाजारात दुधीला लवकी म्हणतात, टोमॅटोला भेदरं, पेरूला जाम आणि लाल भोपळ्याला कोहळं. पुण्याची पाहुणी इथल्या सुनेला “कोहळ्याचा रस कर” म्हणाली, तर पांढऱ्या कोहळ्याऐवजी लाल भोपळा पिळला जायचा! आणि कलिंगड मागू नका, टरबूज मागा.

याच यादीतला जाम तर छुपा रुस्तम आहे. क जीवनसत्त्वासाठी आपण संत्र्याच्या मागे धावतो. १०० ग्रॅम संत्र्यात ते ५० मिलिग्रॅमच्या थोडं वर, तर तेवढ्याच जामात २०० च्या पुढे. म्हणजे चौपट! शिवाय पाच ग्रॅमहून जास्त तंतू. तोही बियांसकट, सालीसकट, तिखट-मीठ भुरभुरून. त्याला पिळायचं कुणाच्या मनातही येत नाही, म्हणून तो वाचलाय.

थोडं थांबा, इथे हसायचं नाही

लवकीचा रस म्हणजे वेट-लॉसवाल्यांचा लाडका. १०० ग्रॅममध्ये जेमतेम १५ कॅलरी, बाकी बहुतेक पाणी. पण या गरीब दिसणाऱ्या वेलीला एक भयंकर बाजू आहे.

लवकी, काकडी, कारलं, भोपळा हे सगळे एकाच कुळातले. या कुळातल्या वेली कीटकांपासून स्वतःला वाचवायला कुकुरबिटासिन नावाचं कडूजहर द्रव्य बनवू शकतात. भाजीसाठी निवडलेल्या वाणांत ते नगण्य असतं. पण एखादी लवकी कडू निघते आणि तिचा ग्लासभर रस उपाशीपोटी गेला तर उलट्या, रक्ताची उलटी, जुलाब आणि रक्तदाब झपाट्याने खाली, इथपर्यंत वेळ येते. दिल्लीत २०१० मध्ये एका शास्त्रज्ञाचा असा मृत्यू झाला. लवकीत कारल्याचा रस मिसळला होता. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. २०१८ मध्ये पुण्यात एका महिलेचा जीव गेला, तेव्हा राज्यभर पुन्हा हीच चर्चा झाली.

समितीने सांगितलेलं मनावर कोरून ठेवा. रस काढण्याआधी लवकीचा छोटा तुकडा चाखा. कडू लागला तर थुंका आणि अख्खी लवकी फेकून द्या. लवकीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नका, कारण कारल्याच्या कडूत लवकीचं कडू लपतं. रस प्यायल्यावर मळमळ, अस्वस्थता वाटली तर लिंबूपाणी घेत घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा. या विषावर उतारा नाही. डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात, म्हणून वेळ महत्त्वाची.

आमच्या आजीला कुकुरबिटासिन हा शब्द माहीत नव्हता. विळीवर लवकी ठेवली की ती देठाकडची नाण्याएवढी चकती कापायची, जिभेच्या टोकाला लावायची, क्षणभर डोळे बारीक करायची आणि मगच पुढची फोड पाडायची. काकडीलाही हीच परीक्षा. दोन सेकंदांची लॅब टेस्ट! ज्यूसच्या गाडीवर ही चकती कोण चाखतं? तुम्हीच विचारा. न लाजता विचारा.

वर्ल्ड टूर, फटाफट

स्टीव्ह जॉब्स फळांच्या डाएटवर होते, त्याच काळात त्यांनी कंपनीचं नाव ‘अ‍ॅपल’ ठेवलं. गाजरं इतकी खायचे की त्वचेवर नारिंगी छटा यायची. गाजरातलं कॅरोटीन कातडीत साठतं, म्हणून.

१९७४ मध्ये इंग्लंडच्या क्रॉयडनमधल्या एका आरोग्यप्रेमी गृहस्थाने दहा दिवसांत जवळपास ४५ लिटर गाजराचा रस प्यायला, वर ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा भडिमार केला. पिवळा पडून तो गेला. असा रेकॉर्ड कुणाला हवाय!

बीटचा रस प्यायल्यावर सकाळी बाथरूममध्ये लाल रंग दिसला? घाबरू नका. साधारण दहातल्या एकाला बीटचा रंग असा आरपार जातो.

ऑस्ट्रेलियाच्या जो क्रॉसने साठ दिवस फक्त रस पिऊन वजन उतरवलं आणि २०१० मध्ये त्याची डॉक्युमेंटरी आली. ज्यूसर धडाधड विकले गेले. पण साठ दिवस तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता, ही ओळ मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

ग्रेपफ्रूट हे पपनसाचं आणि गोड संत्र्याचं संकरित लेकरू. १९८९ मध्ये कॅनडातल्या डॉ. डेव्हिड बेली यांनी एका प्रयोगात दारूची चव लपवायला त्याचा रस वापरला आणि पाहतात तो काय, रक्तदाबाच्या औषधाची रक्तातली पातळी कितीतरी वाढलेली! औषध पचवणारं आतड्यातलं एन्झाइम या रसाने बंद पाडलं होतं. पपनसातही तसली द्रव्यं असतात. बीपीची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर पपनसाच्या रसाआधी डॉक्टरांना एक फोन.

कमरख! आंबटगोड, कापलं की चांदणीसारखं. पण किडनीचा त्रास असलेल्यांनी त्याचा रस अजिबात घेऊ नये. त्यातलं विष किडनीला बाहेर टाकता आलं नाही की थेट मेंदूवर हल्ला करतं.

आणि कोकम? वजन घटवणाऱ्या ‘गार्सिनिया’ गोळ्या त्याच्याच भाऊबंदाच्या सालीपासून बनतात. १९९८ मध्ये १३५ जणांवर १२ आठवडे चाचणी झाली. खरी गोळी आणि खोटी गोळी, वजनाचा निकाल बरोबरीत! सोलकढी प्यायचीच, पण चवीसाठी.

काटा खरं बोलतो का?

“तीन दिवस ज्यूस प्यायले, दोन किलो गेले!” हा मेसेज प्रत्येक फॅमिली ग्रुपवर असतोच. खोटा नसतो. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० जणांना तीन दिवस फक्त रस दिला, दिवसाला सहा बाटल्या, सुमारे १३०० कॅलरी. चौथ्या दिवशी वजन सरासरी १.७ किलोने खाली. दोन आठवड्यांनी मोजलं तर घट उरली ०.९ किलो. जवळपास अर्धं वजन परत घरी!

गेलं होतं काय? बरंचसं पाणी. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं घटलं की साठा संपतो, पाणी वाहून जातं आणि काटा नाचतो. खरी एक किलो चरबी जाळायची तर सुमारे ७७०० कॅलरींची तूट लागते. तीन दिवसांत कुठून आणणार?

माहीत आहे का, काटा सगळं सांगत नाही, हे एका डॉक्टरांनी जगाला स्वतःची चरबी मोजून दाखवलं? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. दोघेही सडपातळ. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो आकड्यांसह छापून आला. बारीक हातपाय, आत लपलेली चरबी, हा आपल्या लोकांचा साचा. म्हणूनच फक्त रसावर राहून वजनासोबत स्नायू घालवणं आपल्याला परवडत नाही. रसात प्रथिनं जवळजवळ शून्य. स्नायू जपायचे तर डाळ, ताक, अंडी, वैनगंगेची मासोळी ताटात हवीच.

‘डिटॉक्स’चं काय, असं विचारताय? तुमच्या दोन किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. फुकट, सुट्टी न घेता!

रसाचे उपास

रसावर राहण्याचा मराठी मुलखातला सगळ्यात गाजलेला प्रसंग वजनासाठी नव्हताच. १० फेब्रुवारी १९४३ ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या गांधीजींनी २१ दिवसांचा उपास सुरू केला. पाण्यात थोडा लिंबूवर्गीय फळांचा रस, एवढीच मुभा. ३ मार्चला संत्र्याच्या रसाने उपास सुटला. नेत्यांचं उपोषण आजही रसाचा ग्लास पुढे करून सोडवतात. तीन वर्षांनी, १९४६ मध्ये, गांधीजींनी उरुळी कांचनला निसर्गोपचार सुरू केला. तो आश्रम आजही चालू आहे. अशा ठिकाणी रसाहार असतो तो काही दिवसांपुरता आणि वैद्यांच्या नजरेखाली. घरच्या ओट्यावर यूट्यूब पाहून नव्हे.

संत्रा रुसतो तेव्हा

सकाळी काढलेला नागपुरी संत्र्याचा रस दुपारी कडवट का लागतो, कधी विचार केलाय? फळात जे द्रव्य बेचव असतं, तेच पिळल्यावर आंबट रसात हळूहळू लिमोनिनमध्ये बदलतं. लिमोनिन कडू! बिया भरडल्या गेल्या तर कडवटपणा आणखी वाढतो. त्यामुळे बाटलीबंद धंद्याला हा संत्रा भारी अवघड. फोडी करून तोंडात टाकायला मात्र जगात अव्वल!

बाटलीवरून आठवलं. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं की आटवलेल्या रसात पुन्हा पाणी घालून बनवलेल्या ज्यूसवर ‘१०० टक्के फळांचा रस’ असं छापू नका. यापुढे डबा उचलला की समोरची संत्री पाहू नका, मागचं बारीक अक्षर वाचा.

तळ्यातला स्नॅक

भंडारा म्हणजे तळ्यांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या जुन्या पिढ्यांनी उतार पाहून, पाळ बांधून तलाव उभे केले. मालगुजारी तलाव म्हणून ते आजही धान पिकवतात. पावसाळा सरला की यातल्या कित्येक तलावांवर शिंगाड्याच्या वेली तरंगतात. ढिवर बांधव पाण्यात उतरून पान उलटं करतात, खालचा शिंगाडा खुडतात, पान पुन्हा सरळ. काटे बोचतात, बोटं पाण्याने पांढरी पडतात. दुपारपर्यंत बाजारात हिरवे-तांबडे ढीग आणि शेजारी उकडून काळे झालेले.

शिंगाडा खायला घ्या आणि ब्रिस्टलवाल्यांसारखं घड्याळ लावा. आधी टोकं मोडा, मग दाताने साल फोडा, मग आतला पांढरा गर कुरकुरत चावा. दहा शिंगाड्यांना दहा मिनिटं कुठे जातात कळत नाही! पिठूळ असतो, त्यामुळे पसाभर नको, मूठभर पुरे. पण घाईने खाताच येत नाही, ही त्याची खुबी.

उन्हाळ्यात हीच खुबी नदीपात्रात. वैनगंगेचं पाणी ओसरलं की रेतीवर डांगरवाड्या लागतात. टरबूज, डांगर, काकडी. १०० ग्रॅम टरबुजात ३० कॅलरी, बाकी नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. निसर्गानेच भरलेला ग्लास, मग पुन्हा पिळायची मेहनत कशाला?

तरी रस हवाच असेल, तर भाजीला पुढे करा. काकडी, भेदरं, पालक, पुदिना, आवळा मुख्य. गाजर-बीट थोडं. फळ फक्त चवीपुरतं. साखर, मध बाद. एक मोठा चमचा मधात साठेक कॅलरी असतात आणि तो गरम पाण्यात मिसळला म्हणून चरबी ‘वितळत’ नाही. ज्यूसरपेक्षा मिक्सर बरा, कारण सगळं भांड्यातच राहतं. मुतखड्याचा त्रास असेल तर रोज पालकाचा ग्लास टाळा, त्यातलं ऑक्झलेट खड्याला खतपाणी घालतं. मधुमेहाची गोळी चालू असेल तर कारल्याचा रस डॉक्टरांना सांगूनच, नाहीतर साखर नको तेवढी खाली येईल.

परवा गाडीवाल्या भाऊंना विचारलं, चोथा जातो कुठे? “गाईला नेतो ना. दोन बादल्या निघतात रोज. लय आवडीने खाते.” खाणारच! चार कप्प्यांचं पोट आणि दिवसभर रवंथ. चावण्यात तिचा हात कोण धरणार?

मग मी काकडी, भेदरं, आवळा आणि अर्धं गाजर सांगितलं. ग्लास भरला. भाऊंनी सवयीने गाळणी उचलली.

“नका गाळू भाऊ. उलट मागचा ताजा चोथाही दोन पळ्या टाका.”

त्यांनी एकदा ग्लासाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. चोथा टाकला, ढवळला आणि डब्यात हात घालून म्हणाले, “थांबा, चमचा लागते याले.”